मास्तरांची मुलगी पायी जाते

शेंडीला अठरा पूर्ण झाली त्या सकाळी तिच्या बशीशेजारी तीन वस्तू मांडून ठेवलेल्या होत्या. शिकाऊ लायसन्सचा फॉर्म, तिचे पासपोर्ट साइजचे फोटो आणि टोपण काढून ठेवलेलं पेन. फोटो बाबांनी तिला न सांगता शाळेच्या ओळखपत्रावरून काढून आणले होते, त्यामुळे सगळ्यांत ती शिंक येण्याच्या बेतात असल्यासारखी दिसत होती.

'सही कर. बाकीचं मी भरलंय,' बाबा म्हणाले.

'नको,' शेंडी म्हणाली आणि पावाला लोणी लावायला लागली.

'नको म्हणजे आत्ता नको?'

'आत्ता नको, उद्या नको, पुढच्या वर्षीही नको. मला गाडी शिकायचीच नाहीये, बाबा.'

बाबांनी आईंकडे पाहिलं, आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मांडीवरच्या गुंडूकडे. गुंडू दहा महिन्यांचा. एवढ्या वेळात त्याने पेन उचलून तोंडात घातलं होतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. बाहेर त्यांना सगळे मास्तर म्हणतात. एकतीस वर्षं त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे आमच्याच घराच्या खालची एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि बाहेर एक पांढरी गाडी. तिला क्लच आणि ब्रेक दोन-दोन आहेत, एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरी बाबांच्या. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक मारल्यामुळे त्यांच्या उजव्या पायाला आता स्वतंत्र बुद्धी आली आहे. आईंनी गरम पातेलं जरा घाईने टेबलावर आणलं तरी तो खाली दाबला जातो. गुंडू रांगत जिन्याकडे निघाला की बाबा आधी पाय दाबतात, मग लक्षात येतं, मग उठतात.

मीही त्यांचीच विद्यार्थिनी. उतरताना दार उघडण्याआधी मी मागे वळून बघितलं, एवढ्यावर त्यांनी मला सून म्हणून पसंत केलं, असं आई सांगतात. खोलीत बसून लोकांचे फॉर्म भरून देण्याचं काम तेव्हा त्यांचा मुलगा करायचा. माझ्या फॉर्मवर त्याने तीन वेळा पत्ता चुकवला आणि तीनही वेळा मला बोलावून पुन्हा विचारला. आता तो आठवड्यातले पाच दिवस कामासाठी दुसऱ्या शहरात असतो आणि त्याचा पत्ता मी चुकवत नाही.

शेंडी ही माझी नणंद. त्याच्यानंतर बारा वर्षांनी झालेली, घरातलं शेंडेफळ. शेंडेफळाची शेंडी कधी झाली ते कोणाला आठवत नाही. आठ वर्षांची असल्यापासून ती खालच्या खोलीत बसून मोठ्या माणसांना नियमांच्या पुस्तकातले प्रश्न विचारते आणि चुकले की मान हलवते. गावात निम्म्या लोकांना चौकात आधी कोणी जायचं हे तिने शिकवलंय. अशा मुलीने 'नको' म्हणावं, हे बाबांच्या गळी उतरेना.

'भीती वाटते का?' त्यांनी विचारलं.

'नाही.'

'मग?'

'तुम्हाला दुधावरची साय नाही आवडत. त्याला काही कारण आहे का?'

'सायीवाचून माणसाचं अडत नाही.'

'आईचं कुठे गाडीवाचून अडलंय?'

'तिची गोष्ट वेगळी.'

'काय हो वेगळी?' आई कपात चहा गाळता गाळता म्हणाल्या. 'लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी मला तीन दिवस गाडी शिकवली. चौथ्या दिवसापासून आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तेव्हाच मी ठरवलं, दोन्हीतलं एक काहीतरी धरावं. गाडी नाहीतर संसार.'

'आणि तू संसार धरलास,' शेंडी म्हणाली.

'त्या वेळी तरी तेच बरं वाटलं.'

बाबांनी गुंडूच्या तोंडातून पेन काढून घेतलं, रुमालाने पुसलं आणि खिशाला लावलं. त्या दिवशी विषय तिथेच थांबला. पण थांबला म्हणजे हँडब्रेक लावून थांबला, इंजीन चालूच होतं.

शेंडी एकटीच अशी असती तर बाबांनी सोडून दिलं असतं. पण तिच्याबरोबर लंबू होता आणि चष्मिस होती. तिघं बालवाडीपासूनची. लंबूचे पाय इतके लांब की बाबांच्या गाडीत गुडघे कानाशी येतात, आणि चष्मिसला चष्म्याशिवाय स्वतःचा चष्मा सापडत नाही. या तिघांनी मिळून ठरवलं होतं की कोणीच गाडी शिकायची नाही. गेल्या वर्षभरात स्कूलमध्ये विशीच्या आतलं एकही पोर आलं नव्हतं. येत होते ते पन्नाशीचे, साठीचे. बाबांना वाटायचं, या साथीचं मूळ आपल्याच घरात आहे.

'तुम्हा लोकांचं बरं आहे,' एके संध्याकाळी ते तिघांना म्हणाले. 'गाडी चालवायची नाही, नुसतं गाडीत बसायचं. मंगळवारी तुला पोहायला कोणी सोडलं? मी. गुरुवारी या लंबूला दाताच्या डॉक्टरांकडे? मी. शनिवारी पाऊस होता म्हणून तिघांना सिनेमाला? पुन्हा मीच. म्हणजे तुम्ही तत्त्वाची माणसं आणि आम्ही ड्रायव्हर.'

यावर लंबूने बुटाकडे बघितलं. चष्मिसने चष्मा पुसला. शेंडी मात्र विचारात पडली, कारण बोलणं खरं होतं.

'ठीक आहे,' ती म्हणाली. 'आजपासून नाही बसणार.'

'दोन दिवस.'

'महिना.'

'महिनाभर कोणाकडे लिफ्ट मागायची नाही, कोणी दिली तरी घ्यायची नाही?'

'नाही घेणार. महिना काढला तर तुम्ही तो फॉर्म पुन्हा माझ्यासमोर आणायचा नाही. कधीच.'

'आणि नाही काढलास तर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या शेजारी, स्टिअरिंगवर. परीक्षा देईपर्यंत तोंडातून नको हा शब्द काढायचा नाही.'

'चालेल.'

लंबू आणि चष्मिसही तिच्याबरोबर पैजेत सामील झाले. आई पंच झाल्या. नियम ठरायला मात्र दीड तास लागला. बसला आधी बाबांचा विरोध होता, कारण गावातले बहुतेक बस ड्रायव्हर त्यांनीच तयार केलेले. म्हणजे ती त्यांचीच लिफ्ट झाली, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणाल्या, जिथे तिकीट आहे तिथे उपकार नाही, बस चालेल. मग सायकलवर अडलं.

'सायकल हे वाहन आहे,' बाबा म्हणाले. 'पुस्तकात आहे.'

'पान चौदा,' शेंडी म्हणाली. 'इंजीन नसलेलं वाहन. परवान्याची गरज नाही.'

पुस्तक आणलं गेलं. पान चौदाच होतं. बाबांच्या चेहऱ्यावर राग आणि अभिमान इतके एकदम आले की त्यांना नाक पुसावं लागलं.

लंबू नवव्या दिवशी फुटला. घामाने शर्ट भिजतो म्हणून काकाच्या स्कूटरवर मागे बसला आणि नेमका बाबांच्याच समोरून गेला. चष्मिसकडे सायकल होती, ती निभावून नेत होती. शेंडीला सायकलही नको होती. ती चालायची. सकाळी क्लासला, दुपारी वाचनालयात, संध्याकाळी पोहायला. दोनच लांबच्या ठिकाणी बस, बाकी सगळं पायी.

आणि तिच्यामागे मीही चालायला लागले, कारण गुंडू चालत्या बाबागाडीतच झोपतो. गाडी थांबली की त्याचे डोळे उघडतात, मग मी कपड्यांच्या दुकानासमोर थांबलेली असो नाहीतर देवासमोर. आधी मी अंगणातच पन्नास फेऱ्या मारायची. आता शेंडीबरोबर वाचनालयापर्यंत जायचे आणि परत यायचे. ती माझ्याशी बोलत बोलत चालायची, मधेच वाकून गुंडूला बघायची, मधेच उलटी होऊन पाठमोरी चालायची, कारण एखादी गोष्ट सांगताना तिला समोरच्याचं तोंड दिसावं लागतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आमच्या मागे नेहमी एक पांढरी गाडी असते.

बाबा शिकवणीच करत होते. फक्त त्यांनी शिकवणीचा रस्ता बदलला होता. पूर्वी ते विद्यार्थ्यांना मोठ्या रस्त्याने पुलापलीकडच्या मोकळ्या मैदानाकडे न्यायचे. आता शेंडी जिथून जाईल तिथून गाडी जायची. ती दमेल, ऊन लागेल, पिशवी जड होईल, आणि त्या क्षणी आपण तिथे असू, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे त्या महिन्याच्या बॅचचे तिघंही विद्यार्थी आळीपाळीने चालत्या मुलीच्या आणि बाबागाडीच्या मागून, चालण्याच्या वेगाने गाडी हाकत होते.

पहिला नंबर शिंपीणबाईंचा असायचा. त्या खिडकीतून मान बाहेर काढून शेंडीला म्हणायच्या, 'अगं, पँटचा काठ घासतोय टाचेला. संध्याकाळी दे, अर्धा इंच वर घेते.'

'बाई, समोर बघा,' आतून बाबांचा आवाज यायचा.

'समोर तीच तर आहे.'

दुसरे दाताचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात सगळ्यांची बोलती बंद असते, त्यामुळे बाहेर त्यांना बोलायला फार लागायचं. ते शेंडीशी हवापाण्यापासून अक्कलदाढेपर्यंत सगळं बोलायचे आणि बोलण्याच्या नादात गाडी बंद पाडायचे. मग मागून हॉर्न. शेंडी थांबून वाट बघायची, कारण वाक्य अर्धं राहिलेलं असायचं.

तिसरे निवृत्त पोस्टमन. सदतीस वर्षं पत्रं वाटून झाल्यावर मुलाने हट्ट धरला म्हणून गाडी शिकायला आलेले. ते शेंडीच्या बाजूचे होते आणि ते लपवायचेही नाहीत.

'डाव्या अंगाने जा, पोरी. त्या बाजूला सावली आहे. अकरापर्यंत राहते,' ते सांगायचे.

'तुम्ही गिअरकडे लक्ष द्या,' बाबा म्हणायचे.

'कुठला गिअर, मास्तर? पहिल्यातनं बाहेर कुठे आलोय आपण?'

हे वाक्य बाबांनी तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. ते दर चौकात काच खाली करून विचारायचे, 'येतेस का? मागची सीट रिकामी आहे,' आणि शेंडी दर चौकात म्हणायची, 'नको बाबा, थँक्यू.' इतकं नम्रपणे की ऐकून त्यांचं पित्त खवळायचं. एकदा ती वाचनालयातून सात जाडजूड पुस्तकं घेऊन निघाली. दोन्ही खांद्यांना पिशव्या, चेहरा लाल. मी दोन पुस्तकं बाबागाडीच्या खालच्या जाळीत टाकली. गाडी शेजारी आली, काच खाली झाली.

'बाबागाडी हे वाहन आहे,' बाबा म्हणाले.

'इंजीन नाही,' शेंडी धापा टाकत म्हणाली.

'तू वाहनाची मदत घेतलीस.'

'मी नाही, पुस्तकांनी घेतली. पुस्तकांनी पैज लावलेली नाही.'

रात्री पंचांसमोर तक्रार गेली. आईंनी शेंडीच्या बाजूने निकाल दिला आणि बाबांना वर ताकीद दिली, की सुनेच्या झोपलेल्या मुलाशेजारी हॉर्न वाजवला तर पैज तिथेच संपली असं समजायचं.

चोविसाव्या दिवशी बॅचची परीक्षा होती. परीक्षक बाबांना तीस वर्षं ओळखतात. मास्तरांचा विद्यार्थी म्हटलं की ते डोळे मिटून शिक्का मारतात, असं लोक म्हणतात. त्या दिवशी त्यांनी डोळे उघडे ठेवले. तिघांनीही गाडी सुरेख सुरू केली. तिघंही पायी जाणाऱ्या माणसाला बघून अलगद थांबले. आणि मोठ्या रस्त्यावर गेल्यावर तिघांनाही दुसऱ्या गिअरच्या पुढे काय असतं ते माहीत नव्हतं. मागे ट्रकची रांग लागली. शिंपीणबाईंना एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने ओव्हरटेक केलं आणि जाता जाता टोपी काढून नमस्कार केला.

'मास्तर,' परीक्षक उतरून म्हणाले, 'तुमची माणसं गाडी चालवतात की बाळाची गाडी ढकलतात?'

एकतीस वर्षांत बाबांची अख्खी बॅच कधी नापास झाली नव्हती. घरी आल्यावर ते खालच्या खोलीत जाऊन तक्त्यासमोर बसले. थोड्या वेळाने शेंडी चहा घेऊन गेली. मी जिन्यात होते.

'माझ्यामुळे झालं का?' तिने विचारलं.

'माझ्यामुळे झालं. मी तुला बघत बसलो. रस्ता बघायला हवा होता.'

'मग उद्यापासून त्यांना मैदानावर न्या.'

'नेतो. पण पैज अजून आहे.'

'आहेच की,' शेंडी म्हणाली. 'सहा दिवस.'

शेवटच्या दिवशी तिची प्रवेशपरीक्षा होती. पुलापलीकडच्या कॉलेजात, सकाळी नऊला. घरापासून साडेसात किलोमीटर. रोजची बस दाराशी सोडते, म्हणून कोणालाच काळजी नव्हती. पण आदल्या दुपारी चष्मिसने निरोप आणला. पुलाच्या तोंडाशी पाण्याची पाइपलाइन फुटली होती, रस्ता खणला होता, एकेरी वाटेने लहान गाड्या सोडत होते आणि बस बंद होती. चष्मिसचं सेंटर अलीकडेच होतं, तिचं भागत होतं. शेंडीचं नाही.

ही परीक्षा वर्षातून एकदाच. शेंडीने त्या कॉलेजाशिवाय दुसरीकडे कुठे अर्जही केला नव्हता. उशीर झाला तर दार बंद, हे हॉल तिकिटावर ठळक छापलेलं. आणि गाडीत बसली तर पैज हरली.

'मी साडेसहाला निघते,' ती जेवताना म्हणाली. 'दीड तासात पोचेन. दोन तासांत तर नक्कीच.'

बाबांनी जेवणातून मान वर केली नाही.

सकाळी गुंडू पाचलाच उठून बसला होता, तेव्हा मीही बाबागाडी काढली. पुलापर्यंत तरी सोबत. आम्ही फाटकातून बाहेर पडलो तर बाबा गाडीला टेकून उभे. हातात किल्ली.

'येतेस का?' त्यांनी विचारलं.

'नको बाबा, थँक्यू.'

आम्ही वीसेक पावलं गेलो असू. मागून गाडीचा आवाज यायची वाट मी बघत होते. आला तो चपट्या तळव्याच्या बुटांचा. बाबा किल्ली खिशात टाकून मागून चालत येत होते.

'तुम्ही कुठे?' शेंडीने विचारलं.

'लक्ष ठेवायला. पुलापाशी कोणाची लिफ्ट मागितलीस तर साक्षीदार नको का?'

बाबांना चालायची सवय नव्हती. पहिला किलोमीटर त्यांनी जोरात मारला, दुसऱ्यात दुकानांच्या पाट्या वाचायला थांबायला लागले, आणि तिसऱ्यात, जुन्या पाण्याच्या टाकीपाशी, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

'इथे चढ आहे?' ते म्हणाले.

'बाबा, इथेच तर तुम्ही चढावरचा हाफ क्लच शिकवता.'

'हो, पण एवढा आहे?'

शेंडीने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. ते प्यायले. मग पुन्हा चालायला लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं. महिनाभर हाच प्रश्न ते विचारत होते, पण या वेळी त्यात वकिली नव्हती. खरंच माहीत नसल्यासारखा विचारला.

'का गं नको तुला?'

शेंडीने पिशवीचा पट्टा सारखा केला. मग नेहमीसारखी उलटी होऊन, पाठमोरी चालत, त्यांच्याकडे बघत बोलली.

'मी लहान असताना शाळा सुटली की तुमच्या गाडीत मागे बसायचे ना. तुमच्या दोन शिकवण्या होईपर्यंत.'

'बसायचीस. आईची नोकरी होती तेव्हा.'

'तुम्ही माझ्याशी खूप बोलायचात. शाळेत काय झालं, डबा खाल्ला का, सगळं विचारायचात. पण समोर बघून. एक डोळा रस्त्यावर आणि एक शिकणाऱ्याच्या पायावर. एकदा माझे पुढचे दोन दात एकाच दिवशी पडले. मला तुम्हाला दाखवायचे होते. मी बाजारापासून घरापर्यंत तोंड उघडं ठेवून बसले होते.'

बाबांचं पाऊल जरा मंदावलं.

'घरी आल्यावर आईने बघितलं,' शेंडी म्हणाली. 'फार हसली.'

'गाडीत वळून बघायचं नसतं गं,' बाबा म्हणाले. आवाज जरा खाली गेला होता.

'माहितीये. चुकलं असं नाही म्हणत मी. तुम्ही वळून बघितलं असतंत तर कोणाला तरी उडवलं असतंत. पण मला नाही तसं जमायचं. मला बोलताना माणसाकडे बघायचं असतं. मग मी एकतर बोलणार नाही, नाहीतर खांबावर जाईन.'

बाबा तिच्याकडे बघत होते. चांगलं निरखून, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एखादं पत्र दुसऱ्यांदा वाचावं तसं. बघता बघता त्यांचा खांदा दिव्याच्या खांबाला लागला.

'बघा,' शेंडी म्हणाली. 'झालं ना.'

मला हसू आवरेना. बाबाही खांदा चोळत हसले, आणि मग पुढच्या वळणापर्यंत त्यांनी तिला दातांचं सगळं विचारून घेतलं. कुठल्या वर्गात होतीस, कोणती शिकवणी होती, गाडी कोण चालवत होतं. शिकणारं कोण होतं ते कळल्यावर म्हणाले, 'मग वळून बघणं शक्यच नव्हतं. त्या बाईंनी माझे तीन वेळा प्राण काढले होते.'

पुलाच्या अलीकडे त्यांचा पाय लंगडायला लागला. बूट काढून बघितला तर टाचेला फोड. घड्याळात आठ वाजून सतरा मिनिटं झाली होती. आम्ही फार हळू आलो होतो. अजून तीन किलोमीटर राहिले होते आणि शेंडी दर मिनिटाला घड्याळ बघत होती, पण बाबांना सोडून पुढे जात नव्हती.

तेवढ्यात मागून, खणलेल्या रस्त्याच्या एकेरी वाटेकडे निघालेली पाववाल्याची व्हॅन आली आणि आमच्याशेजारी थांबली. पाववाला बाबांचाच विद्यार्थी, पाच वेळा नापास होऊन सहाव्यांदा सुटलेला.

'मास्तर, पायी? बसा, बसा. सगळे बसा. मी पलीकडेच चाललोय.'

शेंडीने व्हॅनकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. तिच्या मनातलं गणित मला बाहेरून दिसत होतं. ती धावत गेली तर कदाचित पोचेल. व्हॅनमध्ये बसली तर नक्की पोचेल.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुंडूच्या टोपीची नाडी बांधायला वाकले.

'बस,' ते हळू आवाजात शेंडीला म्हणाले. 'आईला मी सांगणार नाही. पैज तू जिंकलीस असंच मी सांगेन.'

'सूनबाईंनी ऐकलं असेल,' पाववाला म्हणाला.

'मला काही ऐकू येत नाही,' मी म्हटलं. 'वारा फार आहे.'

शेंडी बाबांकडे बघत राहिली. मग तिने पाठीवरची पिशवी घट्ट केली.

'मी जोरात गेले तर पस्तीस मिनिटं,' ती म्हणाली. 'तुम्हाला मागे सोडून जावं लागेल पण. चालेल?'

बाबांनी एकदा पुलाकडे पाहिलं. मागे दोन गाड्यांनी हॉर्न दिला.

'जा,' ते म्हणाले. 'उजवी बाजू धर. खड्डा डावीकडे आहे.'

ती गेली. पुलावर आधी भराभर चालताना दिसली, मग पळताना, मग नुसती पिवळी पिशवी दिसली. बाबा कठड्यावर बसून बघत होते. ती दिसेनाशी झाल्यावरही ते तिकडेच बघत होते. पाववाला अजून थांबलेला होता.

'तुम्ही तरी बसा, मास्तर.'

'तू उलट्या दिशेला चाललायस. मला घरी जायचंय,' बाबा म्हणाले. मग ते उठले, लंगडत पलीकडच्या कडेला गेले आणि येणाऱ्या एका गाडीला हात केला. ती दूधवाल्याची होती. मी रस्त्याच्या या कडेवरून त्यांना स्पष्ट बोलताना ऐकलं, आणि वाराही तेव्हा पडला होता. 'बाबा रे, घरापर्यंत सोडतोस का? माझी सून आणि नातू पण आहेत.'

आठ पन्नासला माझ्या फोनवर निरोप आला. *पोचले. घाम पुसतेय. बाबांचा पाय?* मी तो बाबांना वाचून दाखवला. ते दूधवाल्याच्या शेजारी बसले होते, मांडीवर गुंडू. त्यांनी निरोप पुन्हा वाचायला लावला.

घरी आईंनी त्यांना दूधवाल्याच्या गाडीतून उतरताना पाहिलं आणि दारातच अडवलं.

'लिफ्ट कोणी मागितली?'

'मी.'

'आणि तिने?'

'तिने नाही मागितली. दिलेलीही नाही घेतली.'

'म्हणजे?'

'म्हणजे मी हरलो,' बाबा म्हणाले. 'आता जरा गरम पाणी दे, पाय बुडवून बसतो.'

आईंनी पाणी दिलं. वर मीठही टाकलं, आणि ते टाकताना चिकार हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडी नाश्त्याला बसली तर बशीशेजारी काहीच नव्हतं. तिने दोनदा बघून खात्री केली. बाबा पेपर वाचत होते, टाचेला पट्टी.

'क्लासला किती वाजता निघतेस हल्ली?' त्यांनी पेपरमागून विचारलं.

'सात दहा. का?'

'असंच. वेळ विचारतोय.'

'तुमची पहिली शिकवणी आठला असते ना?'

'आठलाच आहे.'

शेंडीने माझ्याकडे पाहिलं. मी चमच्याने गुंडूला भरवत होते.

'टाच बरी झाल्यावर या,' ती म्हणाली. 'आणि वाटेत गिअर, क्लच, परीक्षा, काही बोलायचं नाही.'

पेपर खाली आला.

'मग बोलायचं काय?' बाबांनी अगदी मनापासून विचारलं.

शेंडीच्या तोंडात पाव होता, त्यामुळे उत्तर यायला जरा वेळ लागला. बाबा पेपर तसाच धरून तिच्याकडे बघत थांबले.